‘मिरजेला नेले’ : एखादे शहर रुग्णांना का ओढून घेते?

वर्णनपर लेखनात ‘काय आहे’ हे सांगायचे असते, तर स्पष्टीकरणपर लेखनात ‘असे का आहे’ याचा शोध घ्यायचा असतो. या दुसऱ्या प्रकारात सर्वांत मोठा धोका असतो तो पहिले सुचलेले कारण हेच एकमेव कारण मानण्याचा. प्रस्तुत घटकात आपण असा प्रश्न घेणार आहोत, की ज्याचे उत्तर प्रथमदर्शनी अगदी सोपे वाटते. रुग्णालये, तपासणीच्या प्रयोगशाळा, औषधांची दुकाने आणि आरोग्याशी संबंधित इतर व्यवसाय काही ठरावीक शहरांतच दाटीने का आढळतात? कोणीही चटकन म्हणेल, की जेथे लोकवस्ती मोठी तेथे रुग्ण अधिक आणि रुग्ण अधिक म्हणून डॉक्टर अधिक. मुंबई-पुण्याच्या बाबतीत हे उत्तर पुरेसे आहे. मिरजेच्या बाबतीत ते अपुरे पडते.

मिरज हे सांगली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. जिल्ह्याचे मुख्यालय शेजारच्या सांगलीत, हळदीची मोठी बाजारपेठही सांगलीतच. दोन्ही गावे वाढत वाढत एकमेकांना भिडली आणि १९९८ मध्ये सांगली, मिरज व कुपवाड यांची एकच महानगरपालिका झाली. पश्चिमेला कोल्हापूर; तेही मिरजेहून मोठे आणि एका संस्थानाची राजधानी असलेले शहर. म्हणजे लोकसंख्या, सत्ता आणि व्यापार या तिन्ही बाबतींत मिरजेपेक्षा वरचढ अशी दोन शहरे हाकेच्या अंतरावर असताना, शंभराहून अधिक वर्षे दक्षिण महाराष्ट्रातील आणि उत्तर कर्नाटकातील रुग्ण मिरजेची वाट धरत आले आहेत. याचे कारण शोधायचे आहे.

एका वाक्यातील पुरावा

जत तालुक्यातील किंवा सीमेपलीकडील अथणी तालुक्यातील एखाद्या खेड्यात ‘अण्णांना मिरजेला नेलंय’ एवढेच वाक्य कानावर पडले, तर ऐकणारा ‘कशाला?’ असे विचारत नाही. तो विचारतो, ‘काय झालं?’ किंवा ‘कधी आणणार?’ वाक्यात रुग्णालयाचा उल्लेख नाही, डॉक्टरांचा नाही, आजाराचाही नाही. तरीही अर्थ पूर्ण होतो.

साहित्यशास्त्राच्या अभ्यासात आपण लक्षणा ही शब्दशक्ती पाहिली आहे. ‘गंगेवर गवळीवाडा’ या परंपरागत उदाहरणात ‘गंगा’ या शब्दाने प्रवाह न समजता काठ समजायचा असतो. ‘मिरज’ या शब्दाचे तेच झाले आहे. गावाचे नाव उच्चारायचे आणि त्यातील उपचारांची सोय समजायची. ‘पंढरपूरला गेले’ म्हटले की दर्शन आले, ‘येरवड्याला पाठवा’ म्हटले की मनोरुग्णालय किंवा तुरुंग आला. त्याच जातीचा हा प्रयोग. असे अर्थ कोणी ठरवून देत नाही, जाहिरात करूनही ते रुजवता येत नाहीत. दोन-तीन पिढ्यांचा अनुभव त्यांच्यामागे असावा लागतो.

मिरजेतच आणखी एक नमुना सापडतो. जुन्या पिढीतील माणसे ‘मिशनमध्ये दाखवलं’ असे म्हणतात. मिशन या शब्दाचा मूळ अर्थ धर्मप्रसाराचे कार्य किंवा ते करणारी संस्था असा व्यापक. मिरजेच्या बोलीत तो एका रुग्णालयापुरता उरला. भाषाविज्ञानात यालाच अर्थसंकोच म्हणतात. या शब्दाच्या मागे गेलो, की आपण मिरजेच्या इतिहासात येतो.

वॉनलेस यांच्या आधीची आणि नंतरची मिरज

डॉ. विल्यम जेम्स वॉनलेस यांचा जन्म १८६५ मध्ये कॅनडात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन १८८९ मध्ये, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे ते भारतात आले. प्रारंभी त्यांनी सांगलीत काम केले आणि नंतर ते मिरजेला आले. संस्थानच्या अधिपतींकडून जागा आणि परदेशातील देणगीदारांकडून निधी मिळून १८९४ मध्ये रुग्णालय सुरू झाले. डॉ. वॉनलेस यांचा लौकिक शल्यविशारदाचा होता आणि तो विशेषतः डोळ्यांच्या शस्त्रक्रियांमुळे पसरला. मोतीबिंदूने आंधळा झालेला माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून जातो आणि काही दिवसांनी आपल्या पायांनी, वाट पाहत परत येतो, ही घटना गावात लपून राहत नाही. पोटाच्या किंवा हृदयाच्या उपचारांचे यश इतके उघड दिसत नाही. लौकिक पसरण्यासाठी हा भेद महत्त्वाचा आहे.

मिरजेची कथा येथूनच सुरू करण्याची प्रथा आहे. परंतु ती किंचित आधीपासून सुरू करणे अधिक न्याय्य ठरेल. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे मूळ गाव कुरुंदवाड. लहानपणी शोभेच्या दारूच्या अपघातात त्यांच्या डोळ्यांना इजा झाली, तेव्हा उपचारांसाठी त्यांना मिरजेलाच आणले होते. उपचार करणाऱ्या डॉ. भडभडे यांच्या व संस्थानिकांच्या ध्यानात मुलाचा गळा आला आणि त्यांचे संगीतशिक्षण बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे मिरजेतच सुरू झाले. हा सर्व प्रकार डॉ. वॉनलेस भारतात येण्यापूर्वीचा. म्हणजे आजारी माणसाला मिरजेला न्यावे ही वहिवाट बारीकशी का होईना, आधीच पडलेली होती. एका थोर व्यक्तीने उजाड माळावर येऊन शहर उभारले, अशा स्वरूपाच्या चरित्रकथा ऐकायला गोड असतात. पण शहरे सहसा तशी घडत नाहीत.

त्यात भर पडली ती रेल्वेची. १८९० च्या सुमारास पुण्याहून मिरजमार्गे बेळगाव-लोंढ्याकडे जाणारा मीटरगेज मार्ग तयार झाला, १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटा मिरजेला जोडला गेला आणि १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी पंढरपूरहून मिरजेपर्यंत आली. लोंढ्याहून पुढे गोव्याची वाट होती. चार दिशांच्या गाड्या जेथे मिळतात, तेथे रुग्णाला झोपवून आणणे शक्य होते. बैलगाडीच्या काळात या सोयीचे मोल किती होते, याची कल्पना आज करता येणे कठीण आहे. (जंक्शनचे हे सामर्थ्य अगदी अलीकडेही दिसले. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाणी घेऊन जाणारी रेल्वेगाडी मिरजेहूनच सुटत होती.)

मात्र रेल्वे हे कारण म्हणून पुरेसे नाही. कुर्डुवाडी, दौंड, मनमाड हीदेखील मोठी जंक्शने; तेथे वैद्यकीय शहर उभे राहिले नाही. मिरजेत रुग्णालयापाठोपाठ १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली, परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू झाले, कुष्ठरोग्यांसाठी स्वतंत्र रुग्णालय निघाले, सांगली आणि मिरज यांच्या मधल्या माळावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. माझ्या मते, या सर्वांत निर्णायक गोष्ट होती ती शाळा. रुग्णालय एका डॉक्टरच्या आयुष्यापुरते चालू शकते. डॉ. वॉनलेस १९२८ मध्ये निवृत्त होऊन परतले आणि १९३३ मध्ये वारले. त्यांच्याबरोबर मिरजेचा लौकिक गेला नाही, कारण तोपर्यंत त्यांची कला शिकलेली माणसे तयार झाली होती. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले आणि शिकवण्याची परंपरा शासनाच्या आधाराने पुढे चालू राहिली.

सतारमेकर गल्ली आणि दवाखाने

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एकाच धंद्यातील माणसे एकाच ठिकाणी का गोळा होतात, याचा विचार केला आहे. त्यांचा आशय असा, की धंदा एका जागी स्थिरावला म्हणजे कुशल कामगार तेथेच मिळू लागतात, पूरक धंदे भोवती उभे राहतात आणि धंद्यातील खुब्या जणू हवेत भिनून मुलांना नकळत अवगत होतात.

योगायोग असा, की मार्शल यांच्या म्हणण्याचा दुसरा पुरावाही मिरजेतच आहे. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे देशभर प्रसिद्ध आहेत आणि २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. हे काम करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार आणि चकाकी देणाऱ्यांची. शस्त्रांची मागणी ओसरल्यावर त्यांतील फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे मोहरा वळवला. भोपळे पंढरपूर परिसरातून येतात, लाकूड आणखी कोठून येते. मिरजेत पिकते ते फक्त कसब. एकाच्या दुकानाशेजारी दुसऱ्याचे दुकान आहे म्हणून कोणाचे नुकसान होत नाही. उलट, गिऱ्हाईक त्या गल्लीत येते ते अनेक दुकाने आहेत म्हणूनच.

रुग्णालयांचेही पुष्कळसे असेच आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याला भूल देणारा हवा, त्याला रक्तपेढी हवी, रक्तपेढीला तंत्रज्ञ हवा, यंत्र बिघडले तर ते दुरुस्त करणारा हवा. पाच खाटांच्या एका रुग्णालयाला हे सर्व स्वतःपुरते बाळगणे परवडत नाही; शेजारी तशीच अनेक रुग्णालये असली, की तोच भूलतज्ज्ञ सकाळी एका ठिकाणी आणि दुपारी दुसऱ्या ठिकाणी जाऊ शकतो. त्याभोवती मग बाकीचा संसार उभा राहतो. आपल्याकडे रुग्ण एकटा येत नाही. दोन-चार नातेवाईक बरोबर येतात. त्यांच्यासाठी लॉज, खाणावळी, चहाच्या गाड्या, नारळपाण्याच्या हातगाड्या, रात्री-अपरात्री उघडी असणारी ‘मेडिकल’. (‘मेडिकलमधून गोळ्या आण’ या वाक्यात विशेषणाचे नाम झाले आहे आणि नाम झाल्यावर त्याला मराठी प्रत्यय निमूटपणे लागला आहे, हे जाता जाता टिपून ठेवा.) कन्नड बोलणारे कर्मचारी असणे हीदेखील येथे एक सोयच. वेदना कोठे होते हे माणूस परभाषेत नीट सांगू शकत नाही.

येथपर्यंत सतार आणि शस्त्रक्रिया यांची जोडी बरोबर चालते. परंतु एका मुद्द्यावर ती तुटते, आणि माझ्या मते या प्रश्नाचा गाभा तेथेच आहे. तंबोरा घेणारा गवई तो छेडून पाहतो, जवारी ऐकतो, पसंत नसेल तर शेजारच्या दुकानात जातो. शस्त्रक्रिया आधी करून पाहता येत नाही. एवढेच नव्हे, तर ती झाल्यानंतरही तिची खरोखर गरज होती का, हे रुग्णाला कळत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मधील एका निबंधात वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांहून वेगळा का, याची मीमांसा करताना याच विषमतेवर बोट ठेवले होते. देणाऱ्याला सर्व ठाऊक, घेणाऱ्याला जवळजवळ काहीच नाही. म्हणून हा व्यवहार विश्वासावर चालतो.

हा विश्वास कशावर ठेवायचा? पूर्वी तो एका व्यक्तीवर असे. मराठीत त्यासाठी ‘हातगुण’ हा सुरेख शब्द आहे. ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ म्हणताना आपण औषधाला किंवा पदवीला श्रेय देत नाही, हाताला देतो. शहराच्या बाबतीत घडते ते असे, की एका हाताचा गुण हळूहळू संस्थेला चिकटतो आणि संस्थेचा गुण गावाच्या नावाला. मग नव्याने पाटी लावणाऱ्या डॉक्टरला आपला लौकिक शून्यातून मिळवावा लागत नाही. गावाचे नाव त्याला पहिले शंभर रुग्ण आणून देते. तो डॉक्टर व्यवसायासाठी मिरज निवडतो याचे हेच खरे कारण. जागा येथे स्वस्त नसते, स्पर्धा तर पावलोपावली असते, तरीही तो येथेच येतो.

थोडा वेळ वाचन थांबवा. आपल्या परिसरात ‘अमुक गावाला नेले’ असे कोणत्या गावाबद्दल म्हणतात आणि तेथील पहिला नावाजलेला डॉक्टर कोण होता, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहा.

हवापालटाची गावे

आरोग्यासाठी माणसे ज्या गावांना जातात ती सगळी मिरजेसारखी नसतात. काही गावांकडे ती हवेसाठी जातात. ‘हवापालट’ हा शब्द आज मागे पडला आहे. परंतु एके काळी तो औषधाच्या चिठ्ठीवर लिहिण्याच्या योग्यतेचा होता. पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले ते कोरड्या, स्वच्छ हवेच्या भरवशावर. पुढे १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि क्षयावर औषध मिळू लागले. ज्या आजारासाठी डोंगरावर जायचे, त्याचा उपचार घरी राहून होऊ लागला. पाचगणी आज मुख्यतः ओळखली जाते ती निवासी शाळांसाठी.

मिरजेजवळच्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाभोवतीही वस्ती वाढली आणि तिचे नाव वानलेसवाडी पडले. कॅनडात जन्मलेल्या माणसाच्या आडनावातील ‘ऑ’चा मराठी तोंडात ‘आ’ झाला, त्याला ‘वाडी’ जोडली गेली आणि तो माणूस आमच्या भूगोलाचा भाग झाला. मात्र या वाडीचे पाचगणीसारखे झाले नाही. शेजारी कसबी माणसे असल्यामुळे वैद्यकीय व्यवसायाने ती जागा सोडली नाही. आज तेथे एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे.

योग आणि निसर्गोपचार यांचा प्रकार आणखी निराळा. लोणावळ्याचे कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केले, उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम १९४६ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने सुरू झाला आणि पुढे मणिभाई देसाईंनी वाढवला, पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांची संस्था १९७५ मध्ये उघडली. येथे जाणारा बहुधा आजारी नसतो किंवा निदान घाईत नसतो. तो एका गुरूकडे किंवा एका पद्धतीकडे जातो. आजकाल ज्याला ‘वेलनेस’ म्हणतात तो व्यवसाय याच वाटेवरचा. त्याला पुण्या-मुंबईच्या जवळ, पण गोंगाटापासून दूर अशी जागा लागते, आणि भूलतज्ज्ञ लागत नाही.

आता एक उलट उदाहरण पाहू. कोकणात विंचूदंशाने माणसे मरत असत. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात, महाडसारख्या लहान गावी राहून त्याचा अभ्यास केला आणि प्रॅझोसिन हे औषध विंचूदंशावर उपयोगी पडते हे दाखवून दिले. संशोधनाची जगाने दखल घेतली. पण महाड मिरज झाले नाही. होण्याची गरजच नव्हती. प्रॅझोसिनची गोळी कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येते. जे ज्ञान गोळीत मावते ते गावोगाव जाते. जे ज्ञान एखाद्याच्या हातात, त्याच्या सहकाऱ्यांत आणि भोवतालच्या यंत्रणेत विखुरलेले असते, त्याच्याकडे मात्र रुग्णाला जावे लागते.

नावावर जगणारे

गावाच्या नावाला चिकटलेला विश्वास हा सामाईक असतो, गायरानासारखा. त्यात भर घालणारे थोडे आणि त्यावर चरणारे पुष्कळ, अशी अवस्था यायला वेळ लागत नाही. परगावचा रुग्ण ‘मिरजेला’ येतो, पण उतरल्यावर त्याला कोणत्या तरी एका दारातून आत जावे लागते, आणि ते दार कोणते हे त्याला ठाऊक नसते. ते कधी गावाकडच्या डॉक्टरने सांगितलेले असते, कधी रुग्णवाहिकेच्या चालकाने. अशा सांगण्याच्या मोबदल्यात दिल्या जाणाऱ्या दलालीला वैद्यकीय वर्तुळात ‘कट’ म्हणतात. हा रोग एका गावचा नाही. जेथे जेथे वैद्यकीय शहर वाढले तेथे तेथे त्याचा बोभाटा झालेला आहे. शासनाची जनआरोग्य योजना आल्यापासून (२०१२ मध्ये ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते) अनेक उपचारांचा खर्च शासन उचलते. गरीब रुग्णाला तिचा खरा आधार आहे. रुग्णालय काढणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तिचा दुसराही अर्थ आहे : पैसे देणारा निश्चित झाला, म्हणजे खाटा वाढवायला हरकत नाही. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. ही पाटी वाचणे हादेखील मराठीच्या विद्यार्थ्याने करण्याजोगा अभ्यास आहे. ती कोठे लावली आहे आणि किती सोप्या भाषेत आहे, यावरून बरेच कळते.

ज्या मिशन रुग्णालयामुळे हे सर्व उभे राहिले, त्याचे पूर्वीचे वैभव आज उरलेले नाही. तेथे शिकलेल्या आणि काम केलेल्या माणसांनी गावात आपापली रुग्णालये काढली. मूळ झाड वठले तरी भोवती लागलेली रोपे वाढत राहिली. नाव टिकले.

राहिला प्रश्न अंतराचा. तज्ज्ञ एकत्र असावेत हे ठरवून करायच्या शस्त्रक्रियेच्या दृष्टीने हिताचेच आहे. जो सर्जन एकच शस्त्रक्रिया वारंवार करतो त्याचा हात अधिक सफाईने चालतो. बाळंतपणातील रक्तस्राव, सर्पदंश, हृदयविकाराचा झटका यांना मात्र ते मानवत नाही. एका गावात डॉक्टरांची दाटी होते, तेव्हा ते आणखी कोठून तरी कमी झालेले असतात. तालुक्याच्या गावचा तरुण सर्जन दोन-चार वर्षे दवाखाना चालवतो, गावातील ऐपतदार माणसे त्याला ओलांडून थेट मोठ्या गावी जातात असे पाहतो आणि शेवटी स्वतःही तिकडेच खोली घेतो. मागे राहिलेल्या माणसांना अपरात्री लागते ती जीप, आणि मिरज तेथून ऐंशी-नव्वद किलोमीटर असते. ‘मिरजेला नेले’ हे वाक्य ज्या घरात आश्वासक वाटते, त्याच परिसरातील दुसऱ्या घरात त्याच्यापुढे ‘पण वाटेतच’ असे शब्द येतात.